लोकायुक्त सरकारी अधिकाऱ्याला शिक्षा देऊ शकतात का? गोव्यातील तक्रारदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारी खात्यात कनिष्ठ कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना खातेनिहाय चौकशीत अडकलेल्या सहकाऱ्यांच्या बाजूने बचाव साहाय्यक म्हणून बसलो. आता कार्यालयातल्या जाचाविरुद्ध तक्रार करायची असलेल्यांना अर्ज लिहून देतो. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथून माणसं येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

लोकायुक्तांकडे तक्रार केली तर ते साहेबाला निलंबित किंवा बडतर्फ करतील का?

नाही. लोकायुक्त म्हणजे लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारी तपासणारं खात्याबाहेरचं पद. गोवा लोकायुक्त कायदा, 2011 खाली ते चौकशी करतात, फायली मागवतात, साक्षी घेतात आणि आपला निष्कर्ष अहवालात लिहून सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवतात. शिक्षेचा आदेश त्यांच्या सहीने निघत नाही. तो निघतो शिस्तभंग प्राधिकाऱ्याच्या सहीने, म्हणजे खातेप्रमुख, सचिव किंवा सरकार, त्या कर्मचाऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे.

याचं मूळ राज्यघटनेत आहे. कलम 311 सांगतं की सरकारी नोकराला ज्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नेमलं, त्याहून खालच्या अधिकाऱ्याला त्याला बडतर्फ करता येत नाही. आणि आरोप लेखी कळवून, बाजू मांडायची पुरेशी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय बडतर्फी, सेवेतून काढणं किंवा पदावनती करता येत नाही.

तेव्हा खरं काय ते शोधणारा एक आणि शिक्षा देणारा दुसरा. तक्रारी मरतात त्या या दोघांच्या मधल्या जागेत. लोकायुक्तांचा निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून पेढे वाटून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग लोकायुक्तांकडे जाऊन उपयोग काय?

उपयोग आहे. खात्यातल्या साहेबाची चौकशी खात्यातल्याच दुसऱ्या साहेबाने केली की दोघं एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात. लोकायुक्त बाहेरचे असतात, निवृत्त न्यायमूर्ती असतात, आणि त्यांना साक्षीदाराला समन्स काढण्याचे व कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. खात्याने "फाईल सापडत नाही" म्हणून तुम्हाला परत पाठवलं तरी लोकायुक्तांना तेच उत्तर देताना सचिवाला दहा वेळा विचार करावा लागतो.

आणि अहवालावर समाधानकारक कारवाई झाली नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात. तो सरकारच्या स्पष्टीकरणासह विधानसभेपुढे येतो. म्हणजे कारवाई का केली नाही हे सरकारला कागदावर सांगावं लागतं.

गोव्यातला अनुभव मात्र सांगितलाच पाहिजे. पहिले लोकायुक्त न्यायमूर्ती बी. सुदर्शन रेड्डी यांनी मार्च 2013 मध्ये शपथ घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात राजीनामा दिला. नंतर खुर्ची 2016 च्या एप्रिलपर्यंत रिकामी होती. त्या काळात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी दार कोणाचं ठोठवायचं होतं? मग न्यायमूर्ती प्रफुल्ल कुमार मिश्रा आले. सप्टेंबर 2020 मध्ये निवृत्त होताना त्यांनी उघड सांगितलं की आपल्याकडे 191 प्रकरणं आली, त्यांपैकी 133 निकाली काढली आणि लोकसेवकांविरुद्ध पाठवलेल्या 21 अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही. कायदा केराच्या टोपलीतच टाकायचा असेल तर हे पदच रद्द केलेलं बरं, असंही ते म्हणाले. साडेचार वर्षं काम केलेल्या न्यायमूर्तीवर असं बोलायची पाळी यावी, याचं मला आजही वाईट वाटतं. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांनाही या पदावर नेमण्याची वाट मोकळी झाली आणि न्यायमूर्ती अंबादास जोशी आले.

हे वाचून तक्रार करूच नका असा अर्थ कृपा करून काढू नका. त्या 21 अहवालांतले निष्कर्ष आज कागदावर आहेत. ते कोणी खोडू शकत नाही.

कुठल्या तरी देशात लोकायुक्त थेट शिक्षा देतात असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. फिलिपिन्समध्ये. तिथल्या 1987 च्या राज्यघटनेने हे पद दिलं आणि 1989 च्या कायद्याने त्याला शिस्तभंगाचे अधिकार दिले. महाभियोगानेच काढता येणारे उच्चपदस्थ, संसद सदस्य आणि न्यायाधीश वगळून, निवडून आलेले असोत की नेमलेले, जवळपास सगळे लोकसेवक त्याच्या शिस्तभंग अधिकाराखाली येतात. चौकशी चालू असताना तो सहा महिन्यांपर्यंत निलंबन करू शकतो. बडतर्फीचा आदेशही त्याचाच असतो. ताकीद किंवा महिन्याभराच्या निलंबनासारख्या हलक्या शिक्षेवर अपील नाही. मोठ्या शिक्षेवर तिथल्या अपील न्यायालयात जाता येतं.

तिथेही हे सहज पदरात पडलं नाही. 2002 मधल्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता म्हटलं की हे पद फक्त शिफारस करू शकतं. झालं, प्रत्येक आरोपी अधिकारी तेच वाक्य घेऊन कोर्टात जाऊ लागला. शेवटी 2005 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की त्याचा आदेश संबंधित खात्याला पाळावाच लागतो.

ही कल्पना ज्या स्वीडनमध्ये 1809 मध्ये जन्मली, तिथला लोकपाल अधिकाऱ्यावर खटला भरू शकतो, पण शिस्तभंगासाठी प्रकरण संबंधित प्राधिकाऱ्याकडेच पाठवतो. आपल्याकडे केरळच्या कायद्यात लोकायुक्तांनी "या व्यक्तीने पदावर राहू नये" असं जाहीर करण्याची तरतूद होती आणि 2021 मध्ये तिच्यामुळे एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. पुढच्याच वर्षी तिथल्या विधानसभेने दुरुस्ती करून त्या तरतुदीचे दात काढले. कर्नाटकात लोकायुक्तांकडे स्वतःचं पोलीस दल आहे. गोव्यात तसं काही नाही.

माझं मत विचाराल तर बडतर्फीचा अधिकार लोकायुक्तांकडे जावा असं मी म्हणणार नाही. का ते पुढे शिपायाच्या गोष्टीत येईल. पण अहवाल मिळाल्यावर ठरलेल्या दिवसांत आरोपपत्र द्या, नाहीतर कारणं लिहून नकार द्या, आणि तो नकार तक्रारदाराला उच्च न्यायालयात आव्हान देता येईल, एवढं तरी कायद्यात पक्कं हवं.

कार्यालयातलं नक्की कोणतं वागणं गैरवर्तन ठरतं?

गोवा 30 मे 1987 रोजी राज्य झालं, पण त्याआधीच्या केंद्रशासित काळातले केंद्राचे सेवानियम इथे तसेच चालू राहिले. त्यामुळे गोवा सरकारच्या कर्मचाऱ्याला केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 लागू आहेत आणि शिक्षा होते ती 1965 च्या वर्गीकरण, नियंत्रण व अपील नियमांखाली. वर्तणूक नियमांतल्या नियम 3 मध्ये तीन गोष्टी आहेत: सचोटी, कर्तव्यनिष्ठा आणि सरकारी नोकराला न शोभणारं काही न करणं. या तिसऱ्यात पुष्कळ काही बसतं. सरकारी गाडी मुलांना शाळेत सोडायला वापरणं, शिपायाला घरच्या बागेत राबवणं, सगळ्यांदेखत कर्मचाऱ्याला अपमानित करणं, हजेरीपटात फेरफार करणं.

दोन पोटनियम मी प्रत्येकाला वाचून दाखवतो. 3-अ म्हणतो की काम करताना सरकारी नोकराने लोकांशी असभ्य वागू नये आणि मुद्दाम काम रखडवू नये. खिडकीवर "उद्या या, परवा या" करणाऱ्याला हाच लागतो. दुसरा तोंडी हुकमाबद्दल. वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी हवा. तोंडी दिला तर कनिष्ठाने लवकरात लवकर लेखी दुजोरा मागायचा आणि तो देणं वरिष्ठाचं कर्तव्य आहे. "साहेबांनी सांगितलं म्हणून केलं" असं म्हणत फासावर चढलेले कारकून मी पाहिले. चार ओळींची चिठ्ठी पाठवली असती, "आपल्या आज सकाळच्या तोंडी सूचनेनुसार अमुक केले आहे, कृपया दुजोरा द्यावा", तर वाचले असते.

माझी बढती डावलली, बदली सूडाने केली. लोकायुक्तांकडे जाऊ का?

बहुधा चुकीचं दार. महाराष्ट्र, कर्नाटक अशा राज्यांच्या लोकायुक्त कायद्यांत नेमणूक, पगार, शिस्तभंग, निवृत्ती असे सेवाविषयक वाद गाऱ्हाण्यांतून वगळलेले आहेत. अर्ज लिहिण्याआधी आपल्या कायद्यातली वगळलेल्या बाबींची यादी नीट वाचा. सेवेच्या वादासाठी आधी खात्यात निवेदन, नियमात असेल तिथे अपील, आणि मग पर्वरीला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात रिट याचिका.

पण त्याच बदलीमागे साहेबाने पैसे मागितले असतील किंवा पदाचा गैरवापर करून कोणाचा फायदा करून दिला असेल, तर ती बाब वेगळी. तेव्हा अर्जात आपल्या बदलीचं रडगाणं मागे ठेवा आणि पैशाचं किंवा गैरवापराचं पुढे आणा.

इतर दारंही लक्षात असू द्या. लाच मागितली असेल तर पणजीत आल्तिनोवर सेरा इमारतीत दक्षता संचालनालय आहे, त्याच्याच अखत्यारीत लाचलुचपत प्रतिबंधक विभाग येतो. सापळा लावायचा तर तिकडेच, आणि पैसे देण्याआधी. पोलिसाच्या वागण्याबद्दल राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. दाखला, परवाना ठरल्या दिवसांत मिळाला नाही तर 2013 चा कालबद्ध सेवेचा कायदा आहे. बँकेच्या तक्रारीचा लोकपाल रिझर्व्ह बँकेचा; त्याचा या सगळ्याशी संबंध नाही.

अहवाल आला. आता खात्यात काय काय होतं?

इथे जरा बैजवार सांगतो, कारण तक्रारदार इथेच अंधारात असतो.

आधी खातं ठरवतं की शिक्षा किरकोळ की मोठी. ठपका, वेतनवाढ रोखणं, बढती रोखणं, सरकारचं नुकसान पगारातून वसूल करणं ह्या किरकोळ. त्यासाठी 1965 च्या नियमांतल्या नियम 16 खाली निवेदन पाठवून उत्तर मागवलं की बहुतेक वेळा पुरतं. पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणं आणि बडतर्फी ह्या मोठ्या. त्यासाठी नियम 14 ची पूर्ण चौकशी. गंभीर प्रकरण नियम 16 मध्ये घातलं की ओळखावं, कोणीतरी हात दिला आहे.

मोठ्या चौकशीत चार जोडपत्रांचं आरोपपत्र निघतं: आरोप, त्यांचा तपशील, कागदांची यादी, साक्षीदारांची यादी. तुमचं नाव साक्षीदारांत नसेल तर तुमची तक्रार तिथेच अर्धी पडली. आरोपीने आरोप नाकारले की चौकशी अधिकारी आणि खात्याची बाजू मांडणारा अधिकारी नेमतात. आरोपीला बचाव साहाय्यक मिळतो. साक्षी, उलटतपासणी, अहवाल. त्याची प्रत आरोपीला देऊन त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये ते पक्कं केलं. त्यानंतर आदेश, आणि आदेशावर 45 दिवसांत अपील.

लोकायुक्तांच्या अहवालाने ही पायरी चुकत नाही. तिथे तुम्ही दिलेली साक्ष इथे पुन्हा द्यावी लागते, समोर आरोपी बसलेला असताना. म्हणून लोकांना सांगतो, लोकायुक्तांपुढच्या जबाबाची प्रत जपून ठेवा आणि जायच्या आदल्या रात्री वाचून जा. दोन ठिकाणी दोन तारखा सांगितल्या की बचाव साहाय्यक तेवढंच धरून बसतो. मीही बसायचो.

एक मात्र तक्रारदाराच्या बाजूचं आहे. फौजदारी खटल्यात संशयापलीकडे पुरावा लागतो. खातेनिहाय चौकशीत कोणती बाजू अधिक संभवनीय वाटते एवढं पुरतं. त्यामुळे कोर्टातून सुटलेला माणूस खात्याच्या चौकशीत दोषी ठरू शकतो.

इतकी लांबड कशाला? अहवाल आला की सरळ काढून का टाकत नाहीत?

शिपायाची गोष्ट सांगतो. एका कार्यालयातल्या शिपायावर आरोप होता की तो सांगितल्याशिवाय अकरा दिवस गैरहजर राहिला. खात्याने हजेरीपटाच्या झेरॉक्स प्रती लावल्या होत्या आणि त्यांत त्या तारखांपुढे स्वच्छ काळ्या शाईत गैरहजेरीच्या खुणा होत्या. तो मला म्हणत होता, "काका, मी रोज आलेलो. सही केलेली." पुरावा काही नव्हता. मी मूळ हजेरीपट मागितला. तीन तारखा पडल्या, "रेकॉर्ड रूममध्ये आहे" म्हणाले. चौथ्या तारखेला आला, सुतळीने बांधलेला, कोपरे वाळवीने खाल्लेले. पान उघडलं तर त्या अकरा चौकटी बाकीच्यांपेक्षा पांढऱ्या. बोट फिरवलं तर जाड लागल्या. चौकशी अधिकारी स्वतः उठले, पान खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. व्हाइटनरच्या थराखाली त्याच्या सहीची शेपटी दिसत होती, अकराही ठिकाणी.

तो सुटला. कोणा एकाच्या अहवालावर लगेच नोकरी जात असती तर त्या झेरॉक्सवरच गेली असती. तुमची तक्रार ज्या नियमांमुळे रखडते, त्याच नियमांनी त्याचं घर वाचवलं. बडतर्फीचा अधिकार एका हाती द्यायला मी का बिचकतो ते यावरून कळेल.

याच गोष्टीचा दुसरा भाग मात्र मला आजही झोपू देत नाही. ज्याने व्हाइटनर लावला त्याच्यावर कारवाई व्हावी असं चौकशी अधिकाऱ्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. पुढे काहीच झालं नाही. निष्कर्ष निघाला होता, लिहिलेला होता, सही-शिक्क्याचा होता. शिक्षा देणाऱ्याने तो परिच्छेद वाचला आणि फाईल बंद केली.

निलंबन झालं म्हणजे शिक्षा झाली ना?

नाही. निलंबन म्हणजे चौकशीपुरतं बाजूला ठेवणं. सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, पुढे तो वाढू शकतो. 48 तासांपेक्षा जास्त कोठडी झाली तर निलंबन झाल्याचं धरलं जातं. 90 दिवसांच्या आत फेरविचार झाला नाही तर निलंबन आपोआप संपतं, आणि आरोपपत्र न देता तीन महिन्यांपलीकडे ताणू नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं. वर्तमानपत्रात निलंबनाची बातमी येते, तीन महिन्यांनी माणूस परत खुर्चीत बसतो, त्याची बातमी येत नाही. निलंबनाचा आदेश निघाला की लगेच आरोपपत्राच्या मागे लागा.

वरिष्ठाने लैंगिक छळ केला. हेही लोकायुक्तांकडेच न्यायचं का?

आधी कार्यालयातल्या अंतर्गत समितीकडे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे ती असायलाच हवी, आणि तिची अध्यक्ष बाईच असायला हवी. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. कारण पटल्यास समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी 90 दिवसांत, आणि अहवालावर मालकाची कारवाई 60 दिवसांत.

इथे एक मोठी सोय आहे, ती पुष्कळ बायकांना माहीत नसते. सरकारी नोकरीत या समितीचा अहवाल हाच नियम 14 च्या चौकशीचा अहवाल धरला जातो. म्हणजे पुन्हा वेगळा चौकशी अधिकारी, पुन्हा तीच साक्ष, पुन्हा त्याच माणसासमोर बसणं, हे सगळं टळतं. खात्याने "आता खातेनिहाय चौकशी नव्याने करू" म्हटलं तर लेखी हरकत घ्या. लोकायुक्तांच्या प्रकरणांतही अशीच सोय करता आली असती, असं मला वाटत राहतं.

तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. "पुरावा नसेल तर तुझ्यावरच उलटेल" असं कोणी भिववत असेल तर ऐकू नका.

आरोपी आयएएस अधिकारी असेल तर?

गोव्यात येणारे आयएएस, आयपीएस अधिकारी अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या एकत्र केडरमधले. त्यांना 1969 चे वेगळे शिस्त व अपील नियम आहेत आणि बडतर्फी फक्त केंद्र सरकार करू शकतं. लोकायुक्तांचा अहवाल आला तरी आरोपी दोन वर्षांत दिल्लीला किंवा अंदमानला गेलेला असतो. अशा वेळी अहवालाची प्रत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे गेली का हे पाहा. या केडरचा कारभार तिथून चालतो.

आणि मंत्री, आमदार, सरपंच?

त्यांना हजेरीपट नाही आणि सेवानियमही नाहीत, त्यामुळे खातेनिहाय चौकशी नाही. लोकायुक्तांच्या कक्षेत ते येतात. पण अहवालानंतर उरतं ते फौजदारी प्रकरण, राजीनामा किंवा निवडणूक. 88 खाण लिजांच्या नूतनीकरणाचं उदाहरण सगळ्यांच्या लक्षात असेल. ते नूतनीकरण सर्वोच्च न्यायालयाने 7 फेब्रुवारी 2018 रोजी रद्द केलं. लोकायुक्तांनी जानेवारी 2020 मध्ये एका माजी मुख्यमंत्र्यावर आणि दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा नोंदवण्याची शिफारस केली. सरकारने ती फेटाळली. सरपंच-पंचांसाठी पंचायत राज कायदा, 1994 खाली पंचायत संचालकांकडे जाण्याची वाट आहे, आणि ती बऱ्याचदा लवकर पोचवते.

अर्ज कसा लिहू? मराठीत चालेल का?

1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीबरोबर मराठीलाही शासकीय कामकाजात जागा दिली आहे. मराठीत लिहा, संकोच करू नका. माझा अनुभव एवढाच की सोबत इंग्रजी भाषांतर लावलं तर पुढे उच्च न्यायालयात गेल्यावर वेळ वाचतो.

तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागतं. निनावी पत्राने काही हलत नाही. लिहिताना एक घटना, तिची तारीख, जागा, कोण हजर होतं, कोणता कागद आहे, असं लिहा. मग दुसरी घटना. "साहेब अतिशय भ्रष्ट व उर्मट आहेत" हे वाक्य मी प्रत्येक मसुद्यातून काढतो. त्याऐवजी "दि. अमुक रोजी सकाळी 10.20 वाजता, खात्याची गाडी, क्रमांक तमुक, खासगी बांधकामावर सिमेंट उतरवताना" असं लिहिलं की चौकशी अधिकाऱ्याला लॉगबुक मागवता येतं. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अहवाल जाऊन महिने झाले, सगळं शांत आहे. काय करू?

माहिती अधिकारात अर्ज करा, पण जपून. "त्या अधिकाऱ्याचे सगळे मेमो आणि शिक्षा द्या" असं मागितलंत तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या गिरीश देशपांडे निकालाचा आधार घेऊन "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार येईल. मागायचं ते असं: लोकायुक्तांचा अमुक क्रमांकाचा अहवाल कोणत्या तारखेला आवक झाला, फाईल आज कोणत्या टेबलावर आहे, ती कधीपासून तिथे आहे, आणि कारवाईचा अहवाल लोकायुक्तांना पाठवला का. यात कोणाचं खासगी काही नाही. उत्तर 30 दिवसांत नाही आलं तर पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग.

त्याचबरोबर लोकायुक्तांच्या कार्यालयालाही कळवा की कारवाई झालेली नाही. आणि आपल्या आमदाराला भेटा. अधिवेशनात एक तारांकित प्रश्न आला की जी टिपणी आठ महिने हलली नाही ती दोन दिवसांत तीन टेबलं पार करते. मी त्या टेबलांवर बसलो आहे, म्हणून सांगतो.

मी त्याच कार्यालयात काम करते. तक्रार केली तर माझे हाल होतील.

होऊ शकतात. तुम्हाला खोटा धीर देणार नाही. जागल्यांच्या, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 मध्ये केला, पण तो लागू करायची अधिसूचना काढली गेली नाही. त्यामुळे आपली काळजी आपणच घ्यायची. तक्रारीच्या दिवसापासून एक वही ठेवा: तारीख, कोण काय बोललं, कोणतं काम काढून घेतलं, कोणतं दिलं. गेल्या पाच वर्षांचे गोपनीय अहवाल आत्ताच मागून घ्या. तक्रारीनंतर अचानक शेरे घसरले तर फरक दाखवता येईल. बदली आली तर आधी रुजू व्हा आणि मग भांडा. न जाता घरी बसलात तर गैरहजेरीचं आरोपपत्र तुमच्यावरच येतं. लैंगिक छळाची तक्रार असेल तर चौकशी चालू असेपर्यंत स्वतःची किंवा त्याची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, समितीमार्फत मागता येते.

आणि एकट्या जाऊ नका. त्याच साहेबाचा त्रास झालेला आणखी एक तरी माणूस कार्यालयात असतो. त्याने वेगळा अर्ज द्यावा, वेगळ्या शब्दांत. एका मजकुराखाली दहा सह्या असल्या की साहेब त्यातल्या सात जणांना बोलावून सही मागे घ्यायला लावतो.

साहेब मार्चमध्ये निवृत्त होत आहेत. मग सगळं संपलं?

निवृत्तीच्या आधी आरोपपत्र हातात पडलं असेल तर चौकशी पुढे चालू राहते आणि निवृत्तिवेतनातून कपात होऊ शकते, पूर्ण निवृत्तिवेतनही रोखता येतं. आरोपपत्र नसेल तर निवृत्तीनंतर ते काढायला सरकारची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. म्हणून अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात निवृत्तीची तारीख आणि घटनेची तारीख शेजारी शेजारी लिहा. मार्चमध्ये निवृत्ती असेल तर डिसेंबरपासून दर पंधरवड्याला फाईल कुठे आहे ते विचारायला जा. वहीत नोंद करा, टेबलावरच्या माणसाचं नाव लिहा, आणि पुढच्या खेपेला त्याच नावापासून सुरुवात करा.